चार बोटं जादा

कात्रीकाकू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी मागे वळून पाहिलं असतं की नाही, शंकाच आहे. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. कात्री जशी हातात, तशीच जिभेवर. "काकू, कमरेत जरा घट्ट करा," असं कुणी म्हटलं की उत्तर तयार: "घट्ट मी करते. श्वास कुठून घ्यायचा ते तू बघ."

तीन वर्षांपूर्वी मात्र उजव्या हाताचा अंगठा संपावर गेला. आधी दुखला, मग सुजला, मग कात्री मिटेनाच. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजला. काकूंनी मशीन विकलं, आणि तेव्हापासून कुणी काही विचारलं की एकच पालुपद: "आता काय, हातच गेला माझा." बरणीचं झाकण उघडायलासुद्धा शेजारच्या माळीदादांना हाक मारावी लागे. दादा सरकारी बागेतून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीचे, गुडघे थकलेले पण तोंडाने पंचविशीचे. दोघांचं रोज वाजायचं, आणि ज्या दिवशी वाजायचं नाही त्या दिवशी दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

काकूंच्या कामाची आठवण म्हणून एकच गोष्ट उरली होती, अंगणातलं अंजिराचं झाड. गिऱ्हाइकं त्याच्याच सावलीत बसायची, तयार कपडे त्याच्याच खालच्या फांदीला टांगलेले असायचे, आणि फिटिंगला आलेली मुलगी हात पसरून उभी राहायची तीही तिथेच. पण तीन वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. झाड मोकाट सुटलं, कौलांवर जाऊन लोळायला लागलं, चार कौलं सरकवली. एका गुरुवारी घरमालक फाटकात येऊन उभा राहिला.

"काकू, रविवारपर्यंत कौलांवरच्या फांद्या गेल्या नाहीत, तर सोमवारी लाकूडतोड्या आणतो आणि झाडच बुंध्यातून काढतो. मग मला बोल लावायचा नाही."

"मी काय दातांनी तोडू?" काकू म्हणाल्या, पण तो ऐकायला थांबलाच नाही. तेवढ्यावर काकू गप्प झाल्या असत्या तर त्या काकू कसल्या! त्यांनी लेकीला फोन लावला, घरमालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मधेच हुंदका फुटला. वडील गेल्यानंतर आई रडल्याचं लेकीने पहिल्यांदाच ऐकलं.

शनिवारी सकाळी पार्सल आलं. आत एक नारिंगी यंत्र, इस्त्रीपेक्षा हलकं. पुढे वीतभर लांबीची पट्टी, पट्टीभोवती करवतीसारखी दातेरी साखळी. सोबत दोन बॅटऱ्या, हातमोजे, डोळ्यांवर लावायचा चष्मा.

"ह्या खेळण्याने झाड छाटायचं? तुला अक्कल कधी येणार गं?"

"आई, आधी साखळीला तेल घाल," लेक फोनवर म्हणाली. "चष्मा लाव. दोन्ही हातांनी धर. आणि शिडीवर चढलीस तर माझ्याशी गाठ आहे."

शिडीची गरजच नव्हती. झाड मुळातच बुटकं, सगळ्या मोठ्या फांद्या खांद्याच्या उंचीवरच फुटलेल्या. थंडीचे दिवस, अंगावर पान नाही, सगळा सांगाडा उघडा. काकूंनी गळ्यात टेप अडकवली, शिंप्याचा खडू काढला आणि कापायच्या प्रत्येक फांदीवर रेघ मारली. मापल्याशिवाय कापायचं नाही, हा चाळीस वर्षांचा नेम!

पण यंत्र काही सुरू होईना. आधी अंगठ्याने खटका दाबायचा, मग बोटाने चाप ओढायचा. अंगठा! नेमका तोच! काकूंनी यंत्राला दोन शेलक्या शिव्या दिल्या, मग डावा हात पुढे आणून डाव्या अंगठ्याने खटका दाबला आणि उजव्या बोटाने चाप.

घर्रर्र झालं. खडूच्या रेघेवर टेकवलं मात्र, फांदी पायाशी येऊन पडली.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. त्या पडलेल्या फांदीकडे पाहतच राहिल्या. चांगली मनगटाएवढी जाड फांदी, आणि हाताला साधा झटका नाही, कळ नाही, काही नाही. त्यांनी दुसरी कापली. "अगं बाई गं!" तिसरी कापली. मग चष्मा कपाळावर सरकवून कापलेला भाग जवळून पाहिला. आत पांढरं, ओलसर, मधोमध मऊ गाभा, त्याच्याभोवती बारीक वलयं आणि सालीखालून पांढऱ्या चिकाचे थेंब हळूहळू वर येत होते. हिरवा, गोडसर वास सुटला होता. एवढी वर्षं याच्याखाली बसलो, आणि हा आतून असा आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं! काकूंच्या अंगावर काटा आला.

पहिली बॅटरी संपेपर्यंत बावीस फांद्या खाली आल्या. राहिली ती एकच, कौलांवर लोळणारी, काकूंच्या दंडाएवढी. तेवढ्यात भिंतीवरून माळीदादांचं डोकं वर आलं.

"बाई, झाड छाटलंत की टोप्या टांगायला खुंट्या केल्यात?"

"का, काय झालं?"

"प्रत्येक फांदीचा चार बोटं खुंट ठेवलाय!"

"मग? लागलं तर असावं. चार बोटं जादा ठेवल्याशिवाय मी आजवर कात्री लावलेली नाही."

दादांनी कपाळावर हात मारला. "अहो, कापड उसवून वाढवता येतं. हा खुंट वाळणार, कुजणार आणि ती कूज खोडात शिरणार. दोन वर्षांत झाड आपण होऊन आडवं होईल, घरमालकाचे कष्ट वाचतील."

काकूंचा चेहरा उतरला. दादा भिंतीला वळसा घालून लंगडत आत आले. फांदी खोडाला मिळते तिथली फुगीर वळी त्यांनी बोटाने दाखवली. "हिच्या लगत कापायचं. हिला धक्का नाही लावायचा आणि हिच्यापुढे खुंट नाही ठेवायचा. मग झाड स्वतः जखम भरतं. वर्षभरात कडेने नवी साल चढते, काही वर्षांत जखम पार बुजते."

"स्वतः भरतं?"

"स्वतः. मी हजार वेळा पाहिलंय, तरी प्रत्येक वेळी नवल वाटतं."

काकूंनी वाकून पाहिलं. शर्टाच्या कॉलरसारखी वळी, प्रत्येक फांदीला बेतून बसवलेली. त्यांनी खडू घेतला आणि नव्याने तेवीस रेघा मारल्या.

दुसऱ्या बॅटरीवर बावीस खुंट गेले. मोठ्या फांदीपाशी मात्र काकूंचा हात थबकला. दादांनी फांदीला दोरी बांधून ताण धरला होता. "आधी खोडापासून लांब, खालून थोडं, मग वरून. वजन उतरलं की शेवटचा खुंट वळीलगत," ते म्हणाले.

फांदी खाली आली, कौलं मोकळी झाली. राहिला तो खुंट. हातात जादा काही न ठेवता कापायचं, चुकलं तर झाडच जाणार. चाळीस वर्षांत असा काप त्यांनी घेतला नव्हता. डावा अंगठा, उजवं बोट, आणि खडूच्या रेघेवरून साखळी सरळ फिरली. दादांनी वाकून काप पाहिला आणि मान डोलावली.

सोमवारी घरमालक लाकूडतोड्याला घेऊन आला. छाटलेलं झाड पाहून फाटकातच थबकला. अंगणात काकू आणि दादा उभे होते. लाकूडतोड्या पुढे झाला, झाडाभोवती एक फेरी मारली आणि मोठ्या कापावरून तळवा फिरवला. मग आणखी एकदा फिरवला.

"साहेब, इथे माझं काही काम नाही. एवढा सफाईदार काप मलाही जमत नाही." त्याने मान वळवली. "हात कुणाचा आहे?"

घरमालकाने दादांकडे पाहिलं. दादांनी काकूंकडे.

सुजलेला अंगठा काकूंनी पदरातून बाहेर काढला, लपवला नाही.

"माझा," त्या म्हणाल्या. मग कुणी विचारलं नव्हतं तरी पुन्हा म्हणाल्या, "माझाच हात आहे."