दातारबाई आणि एका स्लॉटचा फरक

दातारबाई हॉकर सेंटरमधल्या खाण्यापिण्याच्या स्टॉलांपुढे लगेच रांगेत उभ्या राहत नसत. आधी खांबाशी थांबून सगळ्या रांगा न्याहाळत आणि मग पुष्कळदा सगळ्यांत लांब रांगेत जाऊन उभ्या राहत. मी आखूड रांग धरायचो. त्यांची कॉफी निम्मी संपायची, तरी मी काउंटरपाशी पोचलेला नसे.

“देशपांडे, अहो डोकी काय मोजता? तुमच्या पुढचा एकटा दिसतो, पण अख्ख्या ऑफिसचं पार्सल न्यायला आलाय तो. त्याच्या हातातल्या पिशव्या बघा!”

आम्ही दोघेही विद्यापीठाच्या एकाच विभागात रांगांचं गणित करत होतो. माणसांच्या नव्हे, नेटवर्कमधल्या डेटाच्या पॅकेटांच्या रांगांचं. त्या गणितात वेळ सलग वाहत नाही. त्याचे सारखे तुकडे पाडलेले असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. एखाद्या स्लॉटमध्ये पॅकेट येतं, एखाद्यात जातं, आणि आलेल्याला सरासरी किती थांबावं लागेल ते काढायचं. मी पानंच्या पानं समीकरणं मांडायचो. बाई मार्करचं टोपणही न काढता फळ्यासमोर उभ्या राहत आणि उत्तर साधारण काय यायला हवं ते सांगत. ते तसंच येई. विद्यार्थी सही घ्यायला माझ्याकडे येत आणि प्रश्न विचारायला त्यांच्याकडे जात. बुकित पंजांगला आमच्या घरी त्या जेवायला आल्या, की माझी बायकोसुद्धा आमटीबरोबर त्यांचं कौतुक वाढायची.

म्हणून एक पेपर मी त्यांना न दाखवता लिहायला घेतला. निव्वळ माझं असं काहीतरी मला हवं होतं. सूत्र सुरेख आलं, पण कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवून केलेल्या सिम्युलेशनशी जुळेना. कधीही बघा, सूत्राचं उत्तर एका स्लॉटने कमी. जर्नलच्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं: जुळवून दाखवा, नाहीतर पेपर मागे घ्या.

त्याच सुमारास बाई आजारी पडल्या. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात मी संत्री घेऊन गेलो. पेपर बॅगेत होता; काढायचा नाही, असं ठरवलं होतं.

“अंकल, थोडाच वेळ हां,” त्यांची इथेच वाढलेली मुलगी इथल्या ढंगात म्हणाली. “आई खूप टायर्ड आहे लाह.”

बाईंनी डोळे उघडले. “काय अडलंय, देशपांडे?”

“कुठे काय?”

“बॅग पोटाशी धरून बसलाय, कुणी पळवणार असल्यासारखी. काढा.”

काढला. त्यांनी आलेखावरच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. “गर्दी वाढवली तरी फरक तेवढाच राहतोय ना?”

“हो.”

“मग सूत्र बरोबर आहे तुमचं. ते चुकलं असतं तर गर्दीबरोबर फरकही वाढला असता. तुमचा प्रोग्राम पॅकेट स्लॉटच्या सुरुवातीला आलं असं धरतो, आणि सूत्र शेवटी आलं असं. मोजणारा कुठे उभा आहे, ते आधी ठरवावं माणसाने.”

म्हणजे माझं गणित बरोबर होतं. आणि तेसुद्धा मला त्यांच्याच तोंडून कळायचं होतं! मी पेपर परत बॅगेत कोंबला. पेपरात त्यांचे आभार मानू का, म्हणून विचारलं.

“छे! मी काय केलं? विचारलं फक्त.”

आभारसुद्धा त्यांनी माझ्याकडून घेतले नाहीत.

पेपर स्वीकारल्याचा मेल आला तेव्हा त्या गेलेल्या होत्या. शोकसभेला खोली पुरली नाही. मुलं बाहेर उभी राहून रडत होती. माझ्यासाठी इतकी येतील का, हा विचार तिथेही मला सोडेना.

परवा हॉकर सेंटरमध्ये मी खांबाशी थांबलो. पार्सलच्या पिशव्या घेतलेला माणूस हेरला, त्याची आखूड रांग सोडली आणि लांब रांगेत उभा राहिलो. आखूड रांगेतल्या सगळ्यांच्या आधी कॉफी माझ्या हातात आली. कप जरासा उंच धरून मी मागे वळलो. ज्यांना दाखवायचा होता, त्या कुठल्याच रांगेत नव्हत्या.