घासलेल्या तीन राण्या

दत्ता साठ्ये जर्मनीत त्सुफेनहाउझेनच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर. आठ महिने वणवण केल्यावर २०१४ साली त्याला आणि अरुंधतीला तिथे घर मिळालं. घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर ऐंशीचे, वरच्या मजल्यावर एकटेच राहत. जूनमध्ये ते तीन आठवडे हवापालटाला गेले, तेव्हा कुंड्यांना पाणी घालायला किल्ली अरुंधतीकडे देऊन गेले.

त्यांच्या टेबलावर मखमली तबकात जुनी रोमन नाणी होती, काशाची. प्रत्येकावर कुणा सम्राटाची बायको नाहीतर मुलगी. चेहरे मात्र हिरव्या थराखाली बुडालेले. माहेरी भांड्यांवर असा कळंक दिसला की आई ओरडायची. म्हाताऱ्याला बरं वाटेल म्हणून अरुंधतीने तीन नाणी चिंच-मिठाने लख्ख घासली. फाउस्टिना राणीच्या अंबाड्याचा पेड न् पेड दिसू लागला.

संध्याकाळी ती मोठ्या कौतुकाने दत्ताला वर घेऊन गेली. त्याचा चेहराच उतरला.

“अगं, तो हिरवा थर हीच तर त्यांची किंमत! शेकडो वर्षं लागतात तो चढायला.”

“अहो, मग आता?”

“आता काय! राणीला समई समजलीस होय?”

“चहाच्या पाण्यात बुडवून काळी करू का?”

“नको! आणखी वाट लावशील. आहेत तशी ठेव आणि गप्प बस.”

अरुंधतीला एकच भीती: म्हातारा आता क्युंडिगुंग देणार, म्हणजे घर सोडायची नोटीस. पुन्हा घर कोण देणार? चार दिवस असेच धास्तीत गेले. जिन्यात पाऊल वाजलं तरी ती दार किलकिलं करून बघे.

शुक्रवारी हेर लिंडनर परतले. गप्प बसणं तिला जमलं नाही. वर जाऊन, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तिने सगळं सांगून टाकलं. त्यांनी भिंग घेतलं. तिन्ही नाणी उलटसुलट पाहिली. मग भिंग खाली ठेवलं.

“आम्हाला घर सोडावं लागेल?” तिने विचारलं.

“घर?” त्यांनी वर पाहिलं. “घराचा काय संबंध? जा तुम्ही आता.”

खाली दारातच दत्ता उभा होता. “काय म्हणाले?”

“घर राहिलं,” ती म्हणाली. “पण अहो, ते रडतायत. तुम्ही जरा वर जाऊन बसा त्यांच्याजवळ. मला नाही धीर होत.”