ढाळ मागच्या बाजूला

“ढाळ मागं द्या. मागं काय, हिचीच वस्ती हाय.”

बंगल्याचे मालक हसले. आमचे सरही हसले. मी कॉम्प्युटरपुढं बसलेली. धाराशिवच्या त्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायचं काम माझं. मालक माझ्याच गावचे, कळंबकडचे. आधी आडनाव विचारलं, त्यावरून जात ओळखली, मग हे बोलले.

त्यांचा नवा बंगला गावातच होत होता. गच्चीचा आणि अंगणातल्या फरशीचा ढाळ मला भरायचा होता. स्क्रीनवर बाण ओढायचा, मीटरला किती उतार तो आकडा टाकायचा. बाणाचं टोक जिकडं, पाणी तिकडं. पुढं रस्त्याची गटार होती, सरळ काम. पण दर्शनी बाजूला पाइप दिसायला नको, असं मालकांचं म्हणणं.

मागं पहिलंच घर माझ्या मायचं.

त्याच जागेवरच्या त्यांच्या जुन्या घराचं पाणीही आमच्याकडंच यायचं. नहाणीचं, भांड्यांचं, गच्चीचं. पावसाळ्यात माय पिठाचा डबा बाजेवर ठेवायची आणि आम्ही पोरं त्या डब्याभोवती पाय आखडून झोपायचो. त्या गच्चीच्या कोब्याला घमेली मायनंच वाहिली होती. आपल्याच दारात पाणी आणणारा ढाळ तिनं डोक्यावरून वर नेला. हे आठवलं की मला रडू येतं. रागही येतो, पण आधी रडू.

मी बाण रस्त्याकडं ओढला.

सर म्हणाले, “क्लायंट सांगतोय ना? फिरव तो.”

“तुम्ही फिरवा, सर. माझ्या हातानं नाही होणार.”

मालकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सरांनाच म्हणाले, “दोन बुकं शिकली की तोंड सुटतं बगा यांचं.” सरांनी माझ्या हाताखालचा माऊस ओढून घेतला, बाण फिरवला. मी पर्स उचलून बाहेर पडले. नोकरी राहिली की गेली, कुणी सांगितलं नाही.

एसटी स्टँडवरून मायला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “कशाला नडतीस, लेकी? पाणी उपसायची सवय हाय मला.”

मालकांच्या बोलण्यानं रडले नव्हते. तिथं, बाकड्यावर बसून रडले.

उद्या ग्रामपंचायतीत लेखी हरकत देणार आहे. ऐकली नाही तर बांधकामावर जाऊन उभी राहणार. मागच्या भिंतीला पाइपासाठी भोक पाडायला ज्याला यायचं त्यानं यावं. मी तिथून हलणार नाही.