माळ्यावरचे खोके

आमच्या विक्रोळीच्या बिल्डिंगखाली एक बाक आहे. तिथे रोज संध्याकाळी एकच वाद रंगतो: मुंबईत आता काही उरलंय का? मी बाजूच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसते. न बोलणाऱ्या मुलीसमोर लोक काहीही बोलतात, म्हणून असे किस्से माझ्याकडे आपोआप साठत जातात. बाबांचं अंधेरीचं ऑफिस हैदराबादला हलणार अशी कुजबुज आहे. त्यांनी हो म्हटलं, तर आम्हीही जाणार. तेव्हापासून माझ्या पुस्तकाचं पान उलटत नाही.

*

मुंबईवर सर्वांत जास्त चिडलेत ते तळमजल्यावरचे सावंत काका. "संपली तुमची मुंबई! गिरण्या गेल्या, कारखाने गेले, आता कंपन्या पण चालल्या. मी आपलो गावाक जातंय!" हे मी पहिलीत असल्यापासून ऐकतेय. परवा आईने विचारलंच, "मग कधी निघताय?"

"थांबा हो, आधी पार्किंगचा नंबर लागू दे!"

*

कोण खरंच जाणार, हे बोलण्यावरून नाही, खोक्यांवरून कळतं. टीव्ही, मिक्सरचे मूळ खोके प्रत्येकाने माळ्यावर जपून ठेवलेले असतात, घर बदलताना लागतील म्हणून. तिसऱ्या मजल्यावरच्या शिल्पाताई "आम्ही कुठे जातोय!" म्हणायच्या. एक दिवस त्यांच्या बाल्कनीत मिक्सरचा खोका उन्हात दिसला. महिन्याभरात ताई पुण्याला!

*

मग जाधव काकूंच्या दारात फ्रिजचा मोठा खोका आला. संध्याकाळी काकू बाकाशी येताच सावंत काकांनी विचारलं,

"काकू, तुम्ही पण?"

"अहो, नवीन फ्रिज घेतलाय, आत आहे तो!"

सावंत काकांना पटेना. ते बर्फ मागायच्या निमित्ताने वर गेले, स्वतः फ्रिजचं दार उघडून आत हात घालून आले आणि बाकावर बसत म्हणाले, "थंड हा."

*

आमच्या घरी उलटाच प्रकार. बाबा बाकावर छाती ठोकून सांगतात, "मुंबई सोडून मी कुठेही जाणार नाही. आणि हैदराबाद? छे, तिथलं जेवण किती तिखट!"

आई मात्र रोज म्हणते, "काय ठेवलंय इथे? तिकडे निदान मोठं घर तरी मिळेल."

त्यामुळे माझा सगळा संशय आईवर होता. पण एका रात्री बाबांनी ताटात दोन हिरव्या मिरच्या घेतल्या. ते कधीच घेत नाहीत. डोळ्यांत पाणी, तरी खात होते.

"बाबा, काय हे?"

"सवय असावी गं माणसाला."

"कसली?"

"तिखटाची," म्हणाले आणि ग्लासभर पाणी प्यायले. आईने ताक पुढे सरकवलं.

*

गेल्या रविवारी बाबांनी स्टूल ओढलं. "जरा माळा साफ करतो." आमचा माळा फक्त दिवाळीआधी साफ होतो, आणि दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी पुस्तकाआडून बघत राहिले.

वर पितळेची भांडी होती, जुनी सुटकेस होती, गणपतीचं मखर होतं. बाकी सगळी मोकळी जागा.

बाबा स्टूलवरच थांबले. "टीव्हीचा खोका कुठे गेला? आणि मिक्सरचा?"

आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. "भंगारवाल्याला दिले."

"कधी?"

"तुम्ही मिरच्या खाल्ल्यात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."