गुलाबी दिव्याखालचा मेहुणा

बाजारात त्याला सगळे तडतड्या म्हणत. हे नाव बिघडलेल्या ट्यूबलाइटवरून पडलं की त्याच्या स्वभावावरून, यावर बाजारात दोन तट होते, आणि दोन्ही तटांतल्या निम्म्या लोकांनी त्याच्या हातचा प्रसाद खाल्लेला होता. धंदा दुकानांत दिवे बसवायचा. रंगारी, सुतार, फरशीवाला सगळे आपापलं काम करून गेले की मालक याला बोलवायचा. हा आधी अर्धा तास नुसता दुकानाच्या मधोमध उभा राहून बघायचा, कोणाशी बोलायचा नाही, आणि मग शिडी मागायचा.

कामात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कापडावर दिवा वरून नको, तिरका हवा, म्हणजे वीण दिसते. दागिन्यांवर अरुंद झोत, भांड्यांवर पसरट. आरशासमोर डोक्यावर दिवा टांगला की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांखाली काळं दिसतं आणि ते काही न घेता घरी जातं. तोच दिवा दोन बाजूंना लावला की तीच बाई दहा वर्षांनी लहान होते आणि दोन साड्या जास्त घेते. पावाला पिवळट, मासळीला निळसर पांढरा, मटणाला गुलाबी. हे सगळं त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. बघून बघून आलेलं.

आणि राग कायम नाकावर. एका चपलांच्या दुकानदाराने त्याने नेमके लावलेले झोत काढून टाकले आणि सरसकट ट्यूबा ठोकल्या. तडतड्या सहज म्हणून दुकानात डोकावला, वर पाहिलं, आणि कोपऱ्यातली झाडू घेऊन तिच्या दांड्याने एकेक ट्यूब फोडत गेला. काचांचा पाऊस पडला. मालक आडवा आला तर त्याचाही जबडा फोडला. चौकीतून त्याला धाकट्या बहिणीने सोडवून आणलं.

ही बहीण म्हणजे त्याचं सगळं घरदार. आईवडील लवकर गेले. तिच्या वेण्या घालायला तो शिकला, तिच्या शाळेच्या कागदांवर पालक म्हणून त्यानेच सह्या केल्या. त्या दिवशी तिने त्याला उंबऱ्यातच उभं केलं.

"दादा, परत कुणावर हात उचललास तर मला बहीण नाही असं समज. मी रडणार नाही, भांडणार नाही. फक्त यायची बंद होईन."

तिचा स्वभाव त्याला ठाऊक होता, कारण तो त्यानेच वाढवला होता. त्याची पाचावर धारण बसली. पुढचे चौदा महिने त्याने कोणाला टिचकीसुद्धा मारली नाही. हात शिवशिवले की खिशात घालायचा.

बहिणीच्या नवऱ्याचं मटणाचं दुकान होतं, वरच्या मजल्यावर घर. दुकानाच्या काउंटरवरचे सहा गुलाबी दिवे तडतड्याने लग्नानंतर स्वतः लावून दिले होते. लावताना म्हणाला होता, "जावईबापू, हा दिवा ताज्या मालाला. शिळ्यावर लावलास तर उपटून नेईन." मेहुणा मान डोलावून हसला होता. तो सगळ्यालाच हसायचा.

एके दुपारी त्या सहातला एक दिवा गेला म्हणून तडतड्या आला. जेवणाची वेळ, शटर अर्धं खाली, बहीण वर. शिडी लावायला जागा हवी म्हणून त्याने मटणाचा ट्रे उचलला आणि मागच्या दाराशी, बाहेरच्या उजेडात नेऊन ठेवला. ठेवला आणि बघतच राहिला. दिव्याखाली लालचुटूक दिसणारं मटण इथे राखाडी होतं, कडेला हिरवट. बोट लावलं तर चिकटलं.

"हे कधीचं?"

"परवाचं असेल. तुम्ही बाहेर कशाला नेलंत? आत ठेवा की, आत्ता कापल्यासारखं दिसतं."

"लोकांची पोरं खातात हे."

"अजून तरी कोणी मेलं नाही." मेहुण्याने सुरी पुसून ठेवली. "आणि दादा, मला एकट्याला शिव्या नका देऊ. माल माझा, पण खपवतो तुमचा दिवा."

तडतड्याच्या डोक्यात तिडीक गेली. हात खिशात होते, ते बाहेर आले. पहिली थप्पड बसली तेव्हा मेहुणा हसतच होता. दुसरीला त्याचा ओठ फाटला आणि हसणं थांबलं. तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने तराजूजवळचं किलोचं वजन उचलून भिरकावलं. ते तडतड्याच्या भुवईवर बसलं, कातडी उलली आणि रक्त डोळ्यात उतरलं. मग दोघे एकमेकांची गचांडी धरून काउंटरवर आदळले, ट्रे उडाले, दोघांचे पाय चरबीवरून घसरले. मेहुण्याने त्याचं डोकं लाकडी ठोकळ्यावर आपटलं, एकदा, परत एकदा. तडतड्याने आंधळेपणाने हात फिरवला आणि हाताला शटर ओढायचा लोखंडी दांडा लागला.

पहिला तडाखा डाव्या बरगड्यांखाली बसला. मेहुणा "आई गं" म्हणून वाकला, त्याने हात सोडले. भांडण तिथे संपलं होतं. तरीही तडतड्याने दुसरा मारला, त्याच जागी, पहिल्यापेक्षा जोरात. पहिला सुटकेसाठी होता. दुसऱ्याला काही कारण नव्हतं, आणि हे त्याला मारतानाच कळलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. तिची ती ताकीद दोघांनाही ठाऊक होती. क्षणभरापूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघे एकदम एका बाजूला झाले.

"शिडीवरून पडलो म्हणायचं," मेहुणा कण्हत पुटपुटला आणि स्टुलावर बसला. तडतड्याने दांडा काउंटरखाली सरकवला आणि शिडी आडवी पाडली.

बहिणीने खाली येऊन दोघांकडे पाहिलं. "काय झालं?"

"पडलो गं शिडीवरून. शिडी दादांच्या कपाळावर गेली. खांदा जरा दुखतोय, डावा."

"दादा, खरं?"

"खरं," तडतड्या म्हणाला. तिच्याशी तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

तिने नवऱ्याची हनुवटी वर करून चेहरा निरखला. गाल गुलाबी, ओठ लाल. "रंग तर चांगला आहे," ती म्हणाली आणि तांब्याभर पाणी दिलं. त्याने ते घटाघटा संपवून आणखी मागितलं. तडतड्यानेही तो चेहरा पाहिला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने पिशवी उचलली आणि कपाळावर फडकं दाबून निघाला.

रस्त्याने त्याचा तोंडाचा पट्टा चालू होता. हरामखोर, परवाचं मटण, माझ्या दिव्याखाली ताजं म्हणून विकतो! त्या दिव्याखाली मेलेलं सुद्धा...

तो भर रस्त्यात थांबला. मागून येणारी सायकल त्याच्यावर आदळली, ते त्याला कळलंही नाही. त्याने मेहुण्याचा चेहरा पाहिला होता तो कुठल्या उजेडात? सगळा बाजार ज्या डोळ्यांवर भरवसा टाकायचा, ते डोळे आपल्याच दिव्याला फसले होते. तडतड्या उलटा फिरला आणि पळत सुटला.

शटरखालून आत शिरला तर मेहुणा भिंतीला टेकून जांभया देत होता, तसाच गुलाबी. बहीण शेजारी फरशी पुसत होती. तडतड्याने मेन स्विच खाली ओढला.

अर्ध्या शटरखालून दिवसाचा उजेड आत आला आणि त्यात मेहुण्याचा चेहरा पिठासारखा पांढरा दिसला. ओठ राखाडी, कपाळावर घामाचे थेंब. बहिणीच्या हातातलं फडकं गळून पडलं आणि ती किंचाळली.

तडतड्याने त्याला खांद्यावर घेतलं. मिळेल त्या गाडीत कोंबलं. दवाखान्यात दाराशी बसलेल्या नर्सने विचारलं, बहिणीने सांगितलं: शिडीवरून पडले, डावा खांदा दुखतोय.

"घाबरल्याने असं पांढरं पडतं माणूस. आधी खांद्याचा फोटो काढून आणा. सरळ जाऊन उजवीकडे."

उजवीकडे आठ माणसांची रांग होती. मेहुणा बाकावर आडवा पडला. तडतड्या त्याच्याकडे बघत होता. ढुंगणाखालचं बाक टोचत होतं, डोळ्यात रक्त सुकत होतं, आणि पलीकडे बहीण नवऱ्याचे तळपाय चोळत होती. त्याने तोंड उघडलं तर ती गेली. नाही उघडलं तर तिचा नवरा गेला. मेहुण्याने डोळे किलकिले करून त्याच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली: नको. ढोंगी, लबाड माणूस, पण त्या घडीला आपल्या बायकोचा भाऊ तिच्यासाठी राखायला बघत होता.

तडतड्या उठला आणि पहिला जो पांढरा कोट दिसला त्याला त्याने दंडाला धरून ओढत आणलं.

"डॉक्टर, खांदा नाही. पोट बघा. डावीकडे, बरगड्यांखाली. तो पडलेला नाही. मी मारलंय, लोखंडी दांड्याने. एकदा नाही, दोनदा."

डॉक्टरने सदरा वर केला, पोटावर हात ठेवला आणि ओरडलाच. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली.

बहीण उभी राहिली. आधी तिने भावाच्या तोंडात मारली. मग मुठींनी छातीवर, गळ्यावर, फुटलेल्या भुवईवर. जखम उघडली आणि रक्त तिच्या मनगटावरून ओघळलं तरी ती थांबेना. तो उभा राहिला आणि मार खात राहिला. शेवटी नर्सने तिला मागे ओढलं आणि ऑपरेशनच्या सहीचा कागद पुढे केला.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. पोटात रक्त साचलं होतं, डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती, खांद्यात कळ येत होती ती तिचीच; ती काढून टाकली. माणूस वाचला. अजून तासभर रांगेत राहिला असता तर नसता, असं ते म्हणाले.

बहीण तडतड्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

"वाचले ते."

"हो."

"मग आता चौकीत जा. मी नाही येणार सोडवायला."

"जातो."

तो दारापर्यंत गेला तेव्हा तिने मागून हाक मारली. दादा म्हणून नाही, नुसतीच "ए" म्हणून. तो वळला.

"तिथे दोनदा मारलं असंच सांग. एकदा म्हणू नकोस."

"दोनदाच सांगतो," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.