लाटंबार्सेचा परदेशी

खाणी चालू होत्या तेव्हा शंभू गावसचा स्वतःचा टिप्पर होता. डिचोलीपासून लाटंबार्सेपर्यंत लोक त्याला टिप्परवाला शंभू म्हणूनच ओळखायचे. खाणी बंद पडल्या, टिप्पर तीन पावसाळे घराशेजारी उभा राहून गंजला, आणि शेवटी शंभूने तेव्हा बरेच गोंयकार करत होते तेच केलं. पोर्तुगालचा पासपोर्ट काढला, त्यात भारताचं नागरिकत्व गेलं, आणि इंग्लंडला जाऊन बिस्किटांच्या गोदामात कामाला लागला. दोन वर्षांनी बायको गौरवी आणि मुलगी तनया यांनाही नेलं.

पासपोर्टाचं मात्र त्याने गावात कुणाला सांगितलं नाही. ‘कंपनीनं नेलं’ एवढंच. वडिलांनाही तेच.

वडिलांना न सांगण्याला आणखी एक कारण होतं. सगुण गावस यांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला. मुलाला पासपोर्ट हवा तर आधी बापाचा जन्म लिस्बनला नोंदवावा लागतो, असं म्हापशाच्या एजंटाने सांगितलं होतं. शंभूने कागद आणले, ‘घराचे कागद आसत, बाबा’ म्हणाला, आणि बोट ठेवलं तिथे सगुणने सही केली. हाताने नांगर धरलेला, मराठी चौथी शिकलेला माणूस. सही करताना अक्षर वळणदार यावं म्हणून जीभ जराशी बाहेर काढायचा.

यंदा मार्चमध्ये काजूच्या उतारावर पाय घसरून सगुणच्या खुब्याचं हाड मोडलं. आई नव्हती, घरात दुसरं कुणी नव्हतं. शंभू रजा टाकून आला तो सहा महिन्यांच्या व्हिसावर. ऑपरेशन झालं, पण म्हातारा काठी धरून अंगणापर्यंत जायलाच ऑगस्ट उजाडला. त्याला एकटं टाकून जाणं शक्य नव्हतं. व्हिसाची मुदत वाढवायला हवी होती.

शंभू रोज उद्यावर ढकलत राहिला. अर्जासोबत घरमालकाचं पत्र लागत होतं, आणि घर सगुणच्या नावावर होतं. अमुक परदेशी नागरिक माझ्या घरात राहतो, असं त्याने लिहून द्यायचं. मुदत संपली. वर आठ दिवस गेले, तेव्हा कुठे शंभूने डिचोलीतल्या झेरॉक्सच्या दुकानात ते पत्र इंग्रजीत टाइप करून घेतलं आणि घरी आणलं.

“ह्या कित्याचा?” सगुणने विचारलं.

“हॉस्पिटलाचा, बाबा. विम्याचा.”

सगुणने चष्मा लावला, पुन्हा काढून ठेवला आणि जीभ जराशी बाहेर काढून सही केली. शंभू त्या वेळी खिडकीबाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात सेजल नावाची मुलगी त्याचा ऑनलाइन अर्ज भरू लागली. मागे रेशनकार्डाच्या कामाला पाच-सहा बायका उभ्या होत्या.

“नॅशनॅलिटी?” सेजलने मोठ्याने विचारलं.

शंभूने पासपोर्ट उघडून समोर धरला. तिने पासपोर्ट बघितला, त्याच्याकडे बघितलं. “तुमी लाटंबार्सेचे मरे? माझी मावशी थंयच दिल्या.”

“हय.”

त्यानंतर ती हळू बोलू लागली. त्याच्यासाठीच आवाज उतरवला होता तिने. शंभूला वाटलं, तिने ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ज्याच्याकडे राहता त्याचं नाव? सगुण गावस. त्याच्याशी नातं? वडील. भारतात राहण्याचं कारण? सेजलनेच ‘कौटुंबिक’ लिहिलं. मुदतवाढीची फी आणि उशिराचा दंड त्याने आपल्या इंग्लंडच्या कार्डावरून भरला. पैसे होते त्याच्याकडे. पण पावती छापून येईपर्यंत तो मागच्या बायकांकडे पाठ करून उभा राहिला, आणि पावती हातात येताच चार घड्या घालून खिशात कोंबली.

आठवड्याने सकाळी पोदेर पाव देऊन गेला आणि त्याच्या मागोमाग मोटारसायकलवरून एक पोलीस आला. अर्जाच्या चौकशीला आलेला सर्वेश नावाचा तरुण शिपाई. सगुण सोप्यावर बसून चहात पाव बुडवत होता.

“काका, सगुण गावस तुमीच मरे? तुमच्यागेर एक परदेशी रवता, ताची चौकशी.”

“परदेशी?” सगुण हसला. “तू वाट चुकलंस, बाबू. फॉरेनर सगळे थंय पेडण्याक, दर्याकडे. हांगा काजू आनी शेत.”

“पण पत्रार तुमची सही आसा, काका.”

“माझी?” सगुणने पावाचा तुकडा बशीत ठेवला. “माझ्या घरात मी आनी माझो झील. दुसरो कोण ना.”

मुलगा शंभू दारातच उभा होता. आत जावं, मागच्या दाराने शेतात जावं, असं त्याला वाटलं. शिपाई कागद उलटसुलट करत होता, आणि आता तो नाव वाचणार हे शंभूला दिसत होतं.

“तो परदेशी मी,” शंभू म्हणाला. “सही बाबांचीच. त्यांका मी विम्याचा कागद म्हणून सांगितलं.”

सर्वेशने मान खाली घातली. घाईघाईने दोन-तीन प्रश्न विचारले, पासपोर्टाचा फोटो काढला, चहा नको म्हणाला आणि निघून गेला. बशीतल्या पावाचा चहात फुगून लगदा झाला होता.

मग शंभूने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आधीची सहीसुद्धा. लिस्बनची नोंदसुद्धा.

“म्हणजे माझां नाव पण थंय लिवलंस?”

“हय, बाबा.”

बशी बाजूला सारत सगुण म्हणाला, “तुका पोटासाठी जावचां होतां, गेलंस. त्याचां माका काय ना. पोर्तुगीज माझ्या ल्हानपणीच गेले. आता नाव लिवून घेतलां, तर ते माझां काय नेतले? पण तू माका वाचूक येना म्हणून धरून चललंस. मराठीत लिवून आणलं आसतंस तर मी वाचलं आसतां. आनी ह्यां एकदा न्हय, दोनदा केलंस.”

“इचारलं आसतां तर सही केली आसती तुमी?”

“तां आता कशां कळतलां? तू इचारलंसच ना.”

त्या दिवसापासून सगुणने शंभूचा हात धरून चालणं सोडलं. भिंत धरायचा, दाराची चौकट धरायचा, अंगणात तुळशीचा कठडा धरायचा. शंभू दोन पावलं मागे, हात पुढे करून.

पणजीच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून बोलावणं आलं. टेबलापलीकडच्या बाईंनी पासपोर्टावरचं जन्मस्थान वाचलं आणि कोंकणीतच विचारलं, इतका उशीर का केला? शंभू म्हणाला, “लाज वाटली, मॅडम.” मग शेऱ्याच्या रकान्यात ‘वडिलांचे आजारपण’ असं लिहून त्यांनी कागद पुढे सरकवला. लिहिलं ते खोटं नव्हतं. तरीही जिना उतरताना शंभूला वाटलं, पुन्हा एकदा आपण बाबांच्या नावामागे लपलो.

मुदतवाढ मिळाली. ती बातमी त्याने घरी सांगितली तेव्हा सगुणने “बरां” म्हटलं आणि रेडिओ लावला.

डिसेंबरात जिल्हा पंचायतीचं मतदान आलं. सकाळी शेजारचा स्वप्नील रिक्षा घेऊन दारात उभा राहिला. सगुण धुतलेला शर्ट घालून काठी टेकत बाहेर आला. स्वप्नीलने आत हाक मारली, “शंभू, तूय चल रे. जागा आसा.”

सगुणने वळून बघितलं. तो काहीतरी सांगून वेळ मारून नेईल असं शंभूला क्षणभर वाटलं, आणि तसं व्हावं असंही वाटलं. पण म्हातारा काठी टेकून त्याच्या उत्तराची वाट बघत थांबला.

“माका मत ना, स्वप्नील,” शंभू म्हणाला. “माझो पासपोर्ट पोर्तुगालचो. मी हांगचो नागरिक न्हय.”

रिक्षात आधीच बसलेल्या दोन बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शंभूचे कान तापले. ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर होणार, हे त्याला ठाऊक होतं. “बरां, बरां,” म्हणत स्वप्नीलने उगाच हँडल पुसलं.

सगुण रिक्षाजवळ आला. रिक्षाची पायरी उंच होती.

“ये हांगा,” तो शंभूला म्हणाला. “माका वर चढय.”

शंभूने पुढे होऊन त्याच्या काखेत हात घातला. सगुणने पूर्ण भार त्याच्यावर टाकला आणि आत जाऊन बसला. “शाळेत मतदानाकडे माका उतरवूक कोणय मेळतलो,” असं म्हणत त्याने काठी मांडीवर आडवी घेतली. रिक्षा निघून गेली. शंभू रस्त्यावरच उभा राहिला, आणि समोरून मतदानाला चाललेले लोक येताना दिसले तेव्हा घरात न जाता तिथेच थांबला.