एका बाजूची कमान

मी मूळची महाळुंगे पडवळची. शेजारच्या जुन्नर तालुक्यात रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या डिश उभ्या राहिल्या तेव्हा मी शाळेत होते. एसटीच्या खिडकीतून त्या दिसायच्या. त्या काय करतात, हे आमच्या गावात कुणाला नीट सांगता यायचं नाही. पुढे, दोन हजार सालानंतर, मी पुण्यात खगोलशास्त्रात पीएच.डी.ला लागले आणि निरीक्षणांसाठी त्याच डिशपाशी येऊ लागले. वडिलांना वाटायचं, मी ओतूरच्या कॉलेजात शिकवावं आणि घरून येऊन-जाऊन करावं.

माझा विषय होता दीर्घिकांच्या समूहांची धडक. आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो दीर्घिका एकमेकींच्या ओढीने एकत्र राहतात, तो समूह. असे दोन समूह एकमेकांत घुसले की त्यांच्यामधला विरळ वायू एकमेकांवर आदळून भयंकर तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. आपली हवा ते अडवते, म्हणून उपग्रहावरून टिपावे लागतात. तसं एका समूहाचं चित्र माझ्याकडे होतं, एका अंगाला ओढल्यासारखं लांबट. धडकेचा धक्का बाहेर पसरत गेला असेल तर त्या वायूच्या दोन्ही टोकांना रेडिओ लहरींच्या फिकट कमानी सापडतील, असा आमचा अंदाज होता. त्या शोधायला मला दुर्बिणीवर सलग काही दिवस मिळाले होते, दुपार कलल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत. आदल्या वर्षी माझा अर्ज परत आला होता, त्यामुळे या वेळेची मला फार किंमत होती.

चाचणी घेतली तेव्हा एका बाजूच्या डिशमधून नुसता गोंगाट येत होता. माझ्या कमानी इतक्या फिकट, की त्या गोंगाटात त्यांचा मागमूस लागला नसता. आमच्या एका तंत्रज्ञांच्या लक्षात आलं की ओझरच्या बाजूला लोडशेडिंग सुरू झालं की गोंगाट थांबतो. म्हणजे आवाज कुणाच्या तरी विजेवर चालणाऱ्या वस्तूचा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही जीपमध्ये एक छोटा अँटेना घेऊन निघालो. तो हातात धरून मी मागे उभी होते आणि तंत्रज्ञ मीटरकडे बघत चालकाला दिशा सांगत होते. फिरत फिरत आम्ही मळ्यातल्या एका घरापाशी पोचलो. कौलांवर टीव्हीचा अँटेना होता आणि त्याच्या खांबाला चित्र स्वच्छ दिसावं म्हणून लावलेला बूस्टर.

घरात दोघंच होती. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मावशी पडल्या होत्या आणि त्यांचा पाय मोडला होता. तो नीट जुळला नव्हता, म्हणून त्या बहुतेक वेळ टीव्हीसमोरच्या कॉटवर असायच्या. तंत्रज्ञांनी दोघांना समजावलं की बूस्टर बिघडला की तो स्वतःच लहरी सोडायला लागतो. तुमची यात काही चूक नाही, पुण्याहून नवा आणून बसवून देऊ, मात्र त्याला आठवडा लागेल. माझं काम तर परवापासून होतं. तेवढे दिवस संध्याकाळी टीव्ही आणि बूस्टर बंद ठेवाल का, असं मी विचारलं. काकांनी मावशींकडे पाहिलं.

मावशींनी मला आधी गाव विचारलं, घरी कोण कोण आहे ते विचारलं. महाळुंगे पडवळ म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"माजी मालिका त्याच टायमाला आसती," त्या म्हणाल्या. "बंद ठिवीन मी. पर तू तिकडं काय बगतीस ते मला यिऊन सांगायचं. आर्धंमुर्धं न्हाई."

मी कबूल केलं. त्या सगळ्या संध्याकाळी दुर्बिणीच्या स्क्रीनवरची, गोंगाट दाखवणारी रेघ बहुतेक वेळ शांत राहिली. पहिल्या दिवशी ती पाहून मला बरं वाटलंच, पण अंधारत चाललेल्या खोलीत कॉटवर पडलेल्या मावशीही डोळ्यांसमोर आल्या.

काम संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले. वाटेत मनात सोपी वाक्यं जुळवत होते. त्यांच्यासमोर बसल्यावर ती सगळी विसरले आणि माझ्या शिक्षकांनी मला जसं शिकवलं होतं तसंच सांगत गेले. मावशी अधूनमधून थांबवून विचारायच्या. एवढ्या धडकेत किती तारे मेले, हे त्यांना पहिलं जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, जवळजवळ एकही नाही. तारेच काय, दीर्घिकाही एकमेकींपासून इतक्या लांब असतात की त्या एकमेकींना न शिवता निघून जातात. वायू मात्र अडकतो.

"म्हंजी वस्ती फुडं गेली आन वारा मागं ऱ्हायला," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, हे संपणार कधी. कोट्यवधी वर्षं चालतं, म्हटल्यावर त्या नाराज झाल्या. मग तुला शेवट कसा कळणार, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की आकाशात असे पुष्कळ समूह आहेत, काहींची धडक आत्ता सुरू होतेय, काहींची होऊन गेलीय, ते एकापुढे एक ठेवले की अंदाज येतो.

"पर ह्येचा न्हाई कळायचा," त्या म्हणाल्या. तेही खरंच होतं.

आठवड्याने ठरल्याप्रमाणे बूस्टर बदलला. मी पुण्याला परतले आणि ते आकडे स्वच्छ करण्यात पुढचे कित्येक महिने गेले. शेवटी एका टोकाला कमान उमटली, बारीक, जरा वाकडी, क्ष-किरणांच्या चित्राच्या अगदी कडेला. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, तरी तिथे काही आलं नाही. आपलंच काहीतरी चुकतंय, असं वाटून मी बरेच दिवस खट्टू होते. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या की जे दिसलं ते लिही, आणि जे दिसलं नाही तेही लिही. तसा लेख लिहिला, आणि तो छापूनही आला.

गावी जाताना चित्राची प्रत घेऊन मी मळ्यात उतरले. मावशी काठी धरून ओट्यापर्यंत चालत येऊ लागल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी चित्र उन्हात धरलं. कमान मी दाखवायच्या आधीच त्यांना सापडली. मग त्यांनी बोट दुसऱ्या टोकावर नेलं.

"आन हिकडची?"

"ती नाही दिसली, मावशी. फार फिकट असेल, नाहीतर नसेलच."

त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं, चित्र जपून माझ्याकडे दिलं आणि जेवलीस का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. ताटात वांग्याची भाजी आणि बाजरीची भाकरी आली. जेवताना त्यांनी दूधवाल्याच्या मुलीच्या लग्नाची सगळी हकिगत सांगितली, आणि आता थांबवून प्रश्न मी विचारत होते.

निघताना काका फाट्यापर्यंत सोडायला आले. त्यांच्या हातात टोमॅटोची पिशवी होती, ती त्यांनी मला उचलू दिली नाही. गाडीची वाट बघत उभे असताना त्यांनी विचारलं, हे काम पर्मनंट आहे का. एरवी या प्रश्नाने मी वैतागायचे, घरी तर जास्तच. त्या दिवशी मी सांगितलं, अजून माहीत नाही, आणखी दोन-तीन वर्षांनी कळेल.

"बरं," ते म्हणाले. "तवर येत ऱ्हा."

गाडी आल्यावर त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. खिडकीजवळची जागा मिळाली. टोमॅटो चेंगरू नयेत म्हणून मी पिशवी मांडीवर घेतली आणि घरी पोचेपर्यंत तशीच धरून बसले.